जुन्या छोट्या इंजिनाची दोरी जड झालीये, परत जात नाही? स्टार्टर घरीच खोला

खान्देशात शेतातल्या खोलीत नाहीतर घराच्या माळ्यावर एक तरी जुनं छोटं इंजिन पडलेलं असतंच. लोडशेडिंगच्या दिवसात घेतलेला होंडाचा हातात उचलता येणारा जनरेटर, पेट्रोलवर चालू करून मग रॉकेलवर टाकायचा तो नदीकाठचा पाण्याचा पंप, कपाशीच्या फवारणीचं जुनं टू स्ट्रोक. पावसाळा तोंडावर आला की ही मशिनं बाहेर निघतात आणि मग सगळीकडे एकच तक्रार, भो, दोरी मांगे जास नही. ओढली तर येते पण सोडली की तिथंच लोंबकळत राहते. नाहीतर मग ओढायलाच इतकी जड की खांदा निखळायची वेळ येते.

दुकानात गेलात तर उत्तर ठरलेलं आहे, पूर्ण स्टार्टर बदला. माझं मत एकदम उलट आहे. जुन्या इंजिनाचा दोरीचा स्टार्टर सहसा झिजून मरत नाही, तो धूळ आणि चुकीचं ग्रीस यांनी मरतो, आणि खोलून साफ केला की पुन्हा कितीतरी वर्षं चालतो. वर जुनी बॉडी असते जाड पत्र्याची नाहीतर ओतीव ॲल्युमिनियमची. बाजारात मिळणारं स्वस्त नवीन कव्हर त्याच तीन बोल्टवर बसतं खरं, पण मधला भाग एखादा मिलिमीटर जरी इकडेतिकडे असला तरी ते नीट पकडत नाही आणि मग महिन्याभरात तेच रडगाणं. म्हणून आधी खोला, बघा, मग पार्टचं ठरवा.

आधी ठरवा, दोष स्टार्टरचा आहे का इंजिनाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असा प्रकार होतो. स्विच बंद करा, पेट्रोलचा कॉक बंद करा, प्लगची कॅप काढून लांब वळवून ठेवा आणि प्लग पान्याने काढून घ्या. आता दोरी हळू ओढून बघा.

प्लग काढल्यावर दोरी एकदम हलकी झाली तर स्टार्टर बरा आहे, आधी जड लागत होतं ते कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधे दबणाऱ्या हवेचा अडथळा. तेही नेहमीपेक्षा जास्त वाटत असेल तर सिलेंडरमधे ऑइल किंवा पेट्रोल साचलेलं असू शकतं. फोर स्ट्रोक इंजिन टेम्पोत आडवं टाकून आणलं की ऑइल वर चढतं, आणि कार्बोरेटरची सुई गळकी असली की पेट्रोल आत उतरतं. दोन्ही वेळेला प्लग काढून दोरी हळूहळू ओढली की ते भोकातून बाहेर उडतं, म्हणून तोंड बाजूला ठेवा आणि आसपास बिडी, काडी, ठिणगी काही नको. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ते ऑइल पण बदला, पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवू नका.

प्लग काढूनही दोरी जड असेल तर स्टार्टर इंजिनावरून उतरवा, कसा ते खाली सांगतोच, आणि फ्लायव्हील म्हणजे ज्याला आपल्याकडे मॅग्नेट म्हणतात ते हाताने फिरवून बघा. हाताने आरामात फिरलं तर दोष स्टार्टरमधेच आहे. फिरलंच नाही तर पिस्टन गंजून धरलाय. प्लगच्या भोकातून थोडं डिझेल आणि ऑइल मिसळून सोडा, रात्रभर ठेवा, मग मॅग्नेट हाताने थोडं पुढे थोडं मागे असं हलवून सोडवा. धरलेलं इंजिन दोरीने झटके मारून सोडवायला जाऊ नका, दोरी तरी तुटेल नाहीतर आतला स्प्रिंगचा आकडा तरी.

अजून एक प्रकार असतो, चालू करताना हँडल हातातून हिसका मारून मागे ओढलं जातं. बोटं सुजतात अक्षरशः. यात स्टार्टरचा काही दोष नसतो, सहसा मॅग्नेट आणि क्रँकच्या मधली छोटी चावी कापली जाऊन टायमिंग सरकलेलं असतं, म्हणजे ठिणगी वेळेआधीच पडते. तो वेगळा विषय आहे, पण तसं होत असेल तर स्टार्टर खोलत बसू नका, मॅग्नेट खोला.

सामान

दहाचा पाना नाहीतर टी-पाना, एक रुंद आणि एक बारीक पेचकस, लांब तोंडाची पक्कड, पितळी किंवा जुना दात घासायचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, छोटी कानस, चिंध्या, लायटर, थोडं पांढरं लिथियम ग्रीस. धुवायला पूर्वी रॉकेल वापरायचो, आता रेशनवर रॉकेल मिळायचे दिवस गेले, त्यामुळे डिझेल घ्या. पेट्रोलने धुऊ नका, उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४४-४५ च्या घरात असतो, बंद खोलीत वाटीभर पेट्रोल उघडं ठेवणं म्हणजे मुद्दाम संकट बोलावणं.

चष्मा आणि जाड हातमोजे पाहिजेतच. ही शोभेची सूचना नाहीये. आत पातळ पोलादी पट्टीचा गुंडाळलेला स्प्रिंग आहे, तो सुटला की पात्यासारखा फिरतो आणि डोळ्याच्या उंचीवरच येतो कारण आपण वाकून बघत असतो. पोरंसोरं भोवती गोळा झाली असतील तर आधी त्यांना हाकला.

स्टार्टर उतरवणे आणि ताण सोडणे

इंजिन गार असू द्या. स्टार्टरचं कव्हर साधारण तीन, कधी चार बोल्टवर असतं. काही जुन्या मॉडेलवर टाकी किंवा पत्र्याचं शेड आडवं येतं, तेवढं सैल करावं लागतं. उतरवायच्या आधी मोबाईलवर दोन-चार फोटो काढा, दोरी कोणत्या बाजूने बाहेर पडते ते दिसलं पाहिजे, कारण बऱ्याच कव्हरची भोकं सारख्या अंतरावर असतात आणि कव्हर तीनपैकी कोणत्याही बाजूला फिरवून बसतं.

उतरवलं की उलटं करून बघा. बऱ्याचदा रोग इथंच दिसतो. जाळीवर कपाशीची रुई आणि काळ्या मातीची धूळ यांचा नमदा झालेला असतो. वर्षभर पडून असलेल्या मशिनीत कुंभारीण माशी मातीचं घर बांधून जाते, ते घर नेमकं चकरी, म्हणजे जिच्यावर दोरी गुंडाळलेली असते ते चाक, आणि कव्हरच्या फटीत असतं, आणि दोरी ओढली की तीच माती दळली जाऊन आत बसते. हे सगळं कोरडंच ब्रशने आणि हवेने काढा. आत्ता त्यावर तेल मारलंत तर चिखल होईल.

आता स्टार्टर हातात धरून, इंजिनाशिवाय, दोरी ओढून सोडून बघा. हातात असताना मऊ चालतो आणि इंजिनावर बसवला की अडतो, असं असेल तर आत काही बिघाड नाही, कव्हर तिरकं बसतंय किंवा कुत्री, म्हणजे चकरीवरचे पकडणारे खटके, मॅग्नेटवरच्या वाटीतून सुटत नाहीत. तसं असेल तर सरळ कुत्र्यांच्या भागावर या. हातातही जडच चालत असेल तर पूर्ण खोलावा लागेल.

खोलायच्या आधी ताण काढायचा. दोरी हातभर बाहेर ओढा आणि चकरी अंगठ्याने कव्हरला दाबून धरा म्हणजे ती मागे फिरणार नाही. चकरीच्या कडेला एक खाच असते, आतल्या बाजूने दोरीचा पदर पेचकसने वर ओढून त्या खाचेत बसवा. मग अंगठ्याचा दाब थोडा थोडा सोडत चकरीला हळूहळू मागे फिरू द्या, दोन-तीन फेरे ती मागे येईल आणि मग आपोआप थांबेल. आता ताण संपला. दोरी आधीच तुटून आत गेली असेल तर ताण तसाही गेलेला असतो, पण हात लावून खात्री करा.

मधला बोल्ट आणि कुत्री

चकरीच्या मधोमध एक बोल्ट किंवा स्क्रू असतो, त्याखाली एक चकती, तिच्यावर तारेची क्लिप किंवा छोटा स्प्रिंग आणि बाजूला एक किंवा दोन कुत्री. सायकलच्या फ्रीव्हीलमधे असतात तशीच ही कुत्री, फक्त मोठी. एकेक पार्ट काढताना फोटो काढा आणि पार्ट पांढऱ्या फडक्यावर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडा. बोल्ट नेहमीच्या दिशेने सुटत नसेल तर जोर लावायच्या आधी आटे नीट बघा, काही स्टार्टरला मधला स्क्रू उलट्या आट्याचा असतो आणि लोक तो सोडवायच्या नादात अजून आवळत जातात.

हे काम कसं करतं ते एकदा समजलं की निम्मी दुरुस्ती झाली. दोरी ओढली की चकरी फिरायला लागते पण घर्षणामुळे ती क्लिप जरा मागे राहते, आणि त्या मागे राहण्यामुळेच कुत्रं ढकललं जाऊन बाहेर येतं नि मॅग्नेटवरच्या वाटीत अडकतं. इंजिन चालू झालं, दोरी परत गेली की तीच क्लिप कुत्र्याला आत ओढून घेते. म्हणजे क्लिपला घर्षण पाहिजे. आणि आपल्याकडे काय करतात, जड चालतंय म्हणून सगळ्यात आधी इथंच ऑइलची पिचकारी मारतात. दोन दिवस बरं वाटतं, मग क्लिप घसरायला लागते, कुत्रं बाहेरच येत नाही, आणि दोरी मोकळीच येते, इंजिन फिरतच नाही. तोच कुत्र्याच्या खिळीवर जुना ग्रीस वाळून डांबर झाला तर उलटं होतं, कुत्रं आत जात नाही, चालू इंजिनाच्या वाटीवर घासत राहतं, करकर आवाज येतो आणि दोरी अर्ध्यातच थांबते. त्यामुळे क्लिप आणि चकती एकदम कोरडी, आणि कुत्र्याच्या खिळीवर फार तर एक थेंब पातळ ऑइल, तेही टाकून पुसून घ्यायचं.

कुत्र्याचं टोक बघा. कड थोडी गोल झाली असेल तर कानशीने हलकीशी सरळ करता येते, पण फार घासलं तर आखूड होऊन पोचणारच नाही, मग नवीनच घ्या, छोटा पार्ट आहे. मॅग्नेटवरच्या वाटीच्या आतून पण बोट फिरवा, जपून, धार आलेली असते. तिथला उठलेला पत्रा कानशीने बसवून टाका. बऱ्याच जणांचं अडकणं एवढ्यावरच थांबतं.

चकरी उचलणे

इथं घाई करायची नाही. चकरी सरळ वर ओढली तर तिच्याबरोबर स्प्रिंग वर येतो आणि उसळतो. कव्हर टेबलावर पालथं न ठेवता उताणं ठेवा, चकरी डावीकडे उजवीकडे अगदी थोडी थोडी हलवा म्हणजे स्प्रिंगचा आतला आकडा चकरीच्या दांड्यातून सुटेल, आणि मग कडेच्या फटीतून पेचकसने स्प्रिंग खाली दाबून धरत चकरी वर घ्या. स्प्रिंग कव्हरातच राहिला तर उत्तम. काही मॉडेलला स्प्रिंग स्वतःच्या पत्र्याच्या डबीत बंद असतो, ती डबी उघडूच नका, डबीसकट धुवा.

उघडा स्प्रिंग नुसता मळकट असेल तर तो जागेवरच साफ होतो. कव्हर डिझेलमधे बुडवून तासभर ठेवा, ब्रश मारा, निथळू द्या, परत एकदा स्वच्छ डिझेल, मग चिंधीने आणि हवेने सुकवा. उन्हात ठेवलं तरी चालतं. निघणारा काळा चिकट गाळ बघितला की कळेल काय झालं होतं ते. कोणीतरी कधीतरी बैलगाडीच्या आखाला लावायचं जाड ग्रीस भरून ठेवलेलं असतं, उन्हाळ्यात ते पातळ होऊन पसरतं, धूळ धरतं, आणि थंडीत परत घट्ट होऊन स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. वेढे चिकटले की स्प्रिंगला चकरी मागे फिरवायला ताकदच उरत नाही. दोरी मांगे जास नही याचं सगळ्यात जास्त दिसणारं कारण हे आहे, स्प्रिंग तुटणं हे त्याच्या बरंच नंतर येतं.

गंज असेल तर मात्र स्प्रिंग बाहेर काढावा लागतो. हातमोजे घाला, कव्हरवर जाड गोणपाट टाका, कव्हर जमिनीकडे तोंड करून हलकं आपटा, स्प्रिंग गोणपाटात उलगडेल. पट्टी पॉलिश पेपरमधे धरून लांबवर ओढत गंज काढा. खोल खड्डे पडले असतील किंवा कडेला चीर दिसत असेल तर ती पट्टी फेका, ती आज ना उद्या तुटणारच.

फक्त टोकाचा आकडा तुटला असेल तर पट्टी फेकायची गरज नाही. जुने घड्याळजी करायचे तसं, टोकाचा अर्धा इंच भाग गॅसवर लाल करा, आपोआप गार होऊ द्या, पाण्यात बुडवू नका, मग तो मऊ झालेला भाग पक्कडीने वळवून नवीन आकडा करा. अर्ध्या इंचापलीकडे उष्णता जाऊ देऊ नका, त्यासाठी मागचा भाग पक्कडीच्या जबड्यात धरून ठेवायचा. थंड पट्टी तशीच वाकवायला गेलात तर ती काच फुटल्यासारखी कट्टकन तुटते. दर वेळी पट्टी थोडी आखूड होते, एकदा चालतं, फार तर दुसऱ्यांदा.

स्प्रिंग परत बसवताना बाहेरचा आकडा आधी कव्हराच्या खाचेत अडकवा आणि एकेक वेढा बाहेरून आत असा अंगठ्याने दाबत बसवत जा. दुसऱ्या कोणाला तरी मदतीला घ्या, एकाने बसलेले वेढे दाबून धरायचे, दुसऱ्याने पुढचा वेढा द्यायचा. दिशा काढलेल्या फोटोवरून बघा. नवीन स्प्रिंग आणलात तर तो तारेच्या कड्यात आवळलेला येतो, ते कडं आधी कापू नका, कड्यासकट स्प्रिंग जागेवर ठेवून वरून दाबायचा, तो आत सरकतो आणि कडं वर राहतं.

बसला की वेढ्यांवर पांढऱ्या ग्रीसचा बोटाने अगदी पातळ हात फिरवा. मधल्या दांड्यावर पण थोडंसं. पातळ म्हणजे चमक दिसली पाहिजे, ग्रीस दिसता कामा नये.

दोरी

केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे स्टार्टरला केळीच्या झाडाला आधार बांधायची प्लास्टिकची दोरी लावलेली. हाताशी असते, फुकट असते, समजू शकतो. पण ती पॉलिप्रॉपिलीनची असते, कडक असते, वेटोळं नीट घेत नाही आणि १६० अंशाच्या आसपास वितळते. नायलॉन २२० च्या पुढे. दोरी जिथून बाहेर पडते त्या बुशवर जोरात घासली जाते तिथं हा फरक कळतो. सुती दोरी पण नको, ती ओल धरते, फुगते आणि चकरीत अडकते. विणीची नायलॉन दोरीच घ्या, पिळाची नको, पिळाची दोरी ताणली की उलगडायला बघते आणि गाठ पडते.

जाडी जुन्या दोरीएवढीच. छोट्या जनरेटरला साधारण ३ ते ३.५ मिलिमीटर, पाण्याच्या पंपाच्या इंजिनाला ४ ते ५. मजबूत पाहिजे म्हणून जाड घेतली की ती चकरीच्या गाळ्यात मावत नाही, वरचे वेढे बाजूला घासतात आणि परत तेच, दोरी जड. लांबी पण जुनीच मोजून घ्या, तुटलेली असेल तर दोन्ही तुकडे जोडून मोजा. दोन्ही टोकं लायटरने वितळवून ओल्या चिंधीत फिरवून टोकदार करा, बोटाने करू नका, वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं.

दोरी बाहेर पडते ते बुश नक्की तपासा. वर्षानुवर्षं एकाच बाजूला तिरकी ओढल्यामुळे त्यात खोबण पडलेली असते आणि तिची कड दोरी कापते. खोबण बारीक असेल तर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने गोल करा, जास्त असेल आणि बुश फिरवून बसवता येत असेल तर न झिजलेली बाजू पुढे आणा. नाहीतर लेथवाल्याकडून छोटं पितळी बुश करून घ्या, कव्हर टाकून देण्यापेक्षा स्वस्त पडतं.

जोडणी आणि ताण

दोरीचं एक टोक चकरीच्या भोकातून घालून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ मारा, गच्च आवळा आणि गाठ तिच्या खड्ड्यात पूर्ण बसली पाहिजे, वर आली तर कव्हरला घासेल. आता दोरी चकरीवर पूर्ण गुंडाळा. दिशा अशी, की दोरी ओढल्यावर चकरी इंजिन ज्या बाजूला फिरतं त्याच बाजूला फिरली पाहिजे. शेवटचा फूटभर पदर मोकळा ठेवून कडेच्या खाचेत अडकवा.

चकरी कव्हरात ठेवा, हलका दाब देत इंजिनाच्या दिशेने थोडी फिरवा, आतला आकडा दांड्यात बसला की फिरवताना ताण लागायला लागतो. लागला नाही तर परत उचला आणि आकडा पक्कडीने किंचित मधल्या बाजूला वळवा. मग कुत्री, क्लिप, चकती, मधला बोल्ट. बोल्ट आवळून झाला की चकरी मोकळी फिरते का बघा, या बोल्टला रागाने आवळायचं काम नाही.

आता ताण द्यायचा. खाचेत अडकवलेली दोरी धरून चकरी इंजिन फिरतं त्या दिशेने, म्हणजे दोरी ओढल्यावर फिरेल त्याच दिशेने, दोन ते तीन पूर्ण फेरे फिरवा. तिथं चकरी अंगठ्याने घट्ट धरा, मोकळा पदर बुशमधून बाहेर काढा, तात्पुरती गाठ मारा, मग चकरी हळूहळू सोडा, दोरी आत ओढली जाईल. हँडल घालून पक्की गाठ मारा.

यानंतरची तपासणी कोणी करत नाही आणि म्हणूनच नवीन घातलेले स्प्रिंग महिन्यात तुटतात. दोरी पूर्ण बाहेर ओढा, आणि ओढलेल्या अवस्थेतच चकरी हाताने अजून पुढे फिरवून बघा. अजून निदान अर्धा फेरा फिरायला जागा पाहिजे. नसेल तर ताण जास्त झालाय, दोरी संपायच्या आधीच स्प्रिंग संपतो आणि सगळा झटका आकड्यावर जातो. एक फेरा कमी करा. उलट दोरी सोडल्यावर हँडल बुशला टेकत नसेल, खाली मान टाकत असेल, तर एक फेरा वाढवा. दोन्ही जमत नसतील तर दोरी जास्त लांब आहे, वितभर कापा.

इंजिनावर बसवताना

कव्हर जागेवर ठेवा, तिन्ही बोल्ट हाताने सैलसर लावा. मग दोरी हळू ओढा, कुत्री वाटीत अडकल्याचं हाताला जाणवेल, तसाच ताण धरून ठेवा आणि बोल्ट आवळा. कुत्री अडकली की कव्हर स्वतःच मधोमध येतं. बोल्ट आधी आवळून मग दोरी ओढणाऱ्यांचं कव्हर तिरकं राहतं आणि चांगला साफ केलेला स्टार्टर पण जड चालतो. प्लग अजून लावू नका, आठ-दहा वेळा ओढून सोडून बघा. मग प्लग, कॅप, कॉक, स्विच.

चालू करताना दोरी आधी हळू ओढायची, कॉम्प्रेशनचा अडथळा लागला की सोडत सोडत परत न्यायची आणि मग एका दमात, सरळ रेषेत, जोरात ओढायची. पार शेवटपर्यंत ताणायची नाही. आणि चालू झालं की आनंदात हँडल हातातून सोडून देऊ नका, हाताने परत न्या. तिकडे खाट् आवाज करत आपटणारं हँडल प्रत्येक वेळी बुश, गाठ आणि स्प्रिंगचा आकडा तिन्ही खात असतं.

शेतात असताना दोरी तुटली आणि पाणी देणं थांबवता येत नसेल तर एक जुगाड आहे, पण सगळ्या इंजिनांना नाही. कव्हर काढल्यावर वाटीच्या कडेला खाच दिसत असेल तर दोरीला टोकाला गाठ मारून ती खाचेत अडकवायची, इंजिनाच्या दिशेने चालेल अशी दोन-तीन वेढे गुंडाळायची आणि ओढायची, दोरी सुटून हातात येते. दोरीचं दुसरं टोक हाताला कधीही गुंडाळू नका, एखादी काडी मुठीत धरून तिला बांधा म्हणजे सोडायची वेळ आली तर सोडता येईल. उपरणं, रुमाल, साडीचा पदर, सैल बाही काहीही उघड्या मॅग्नेटजवळ नको. आणि कव्हर नसताना इंजिनाला पुरेशी हवा लागत नाही, कारण मॅग्नेटच्या पंख्याची हवा सिलेंडरकडे वळवायचं काम तेच कव्हर करतं, त्यामुळे आपल्या उन्हात असं फार वेळ चालवू नका, तेवढं वाफं भरलं की बंद करा आणि घरी आणून नीट दोरी घाला.

हंगाम संपल्यावर ठेवताना जाळीवरची रुई ब्रशने काढा, इंजिनावर जुनी सुती चादर टाका, प्लास्टिकचा कागद नको, त्यात ओल धरते आणि स्प्रिंग गंजतो. दोरी हळू ओढून कॉम्प्रेशन लागेल तिथं थांबवून ठेवा म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात आणि सिलेंडरमधे दमट हवा जात नाही. टू स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात, त्याला प्लगमधून थोडं ऑइल सोडून दोन वेळा दोरी ओढली की झालं.